सगळ्या नोंदी एकदम मागताना

सोलापुरात सॉफ्टवेअर करून देणाऱ्याला एक मागणी कधीच चुकत नाही: सगळी यादी एका ठिकाणी दिसली पाहिजे. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखानदाराला सगळा स्टॉक बघायचा असतो. मार्केट यार्डातल्या आडत्याला हंगामातल्या सगळ्या हिशोबपट्ट्या हव्या असतात, पतसंस्थेच्या व्यवस्थापकाला सगळे खातेदार, महाविद्यालयाच्या परीक्षा विभागाला सगळे विद्यार्थी. मागणी रास्त आहे. वही असताना ती पहिल्या पानापासून शेवटपर्यंत चाळता येत होती, मग संगणकात का येऊ नये? ही मागणी पुरी करणारा कोड आज बऱ्याचदा नोड.जेएसवर, म्हणजे सर्व्हरवर चालणाऱ्या जावास्क्रिप्टमध्ये लिहिला जातो आणि तो जेमतेम एका ओळीचा असतो. डेटाबेसला सांगायचे, आण सगळे. दोनशे नोंदींवर ही ओळ झकास चालते, दोन लाखांवर सर्व्हर बसतो. मधल्या टप्प्यात काय घडते आणि त्यावर आजवर कोणकोणते उपाय निघाले, ते या लेखात पाहायचे आहे.

प्रश्न नोडच्याही आधीचा आहे. जावास्क्रिप्ट १९९५ साली ब्राउझरसाठी आली, हे सर्वांना ठाऊक असते. पण नेटस्केपने तीच भाषा लगोलग सर्व्हरवरही नेली होती. लाइव्हवायर नावाच्या त्या व्यवस्थेत ओरॅकल, सायबेस, इन्फॉर्मिक्स अशा डेटाबेसना थेट जोडता येई आणि नोंदी आणण्याचे दोन मार्ग होते. एका मार्गाने क्वेरी दिली की अख्ख्या निकालाचे तयार एचटीएमएल टेबल पानावर उमटे. दुसऱ्या मार्गाने कर्सर हाती येई, आणि ‘पुढची’ म्हटले की एकेक नोंद पुढे सरके. आजच्या सगळ्या लायब्रऱ्या याच दोन मार्गांच्या आवृत्त्या आहेत, हे जुने दस्तऐवज वाचताना स्पष्ट दिसते.

रायन डाल यांनी नोव्हेंबर २००९ मध्ये बर्लिनच्या जेएसकॉन्फमध्ये नोड जगासमोर ठेवले, तेव्हा त्यांनी पुढे केलेले उदाहरणही हेच होते: टी नावाच्या टेबलातले सगळे काही आण आणि निकाल वापर. ही ओळ चालू असताना प्रोग्राम काय करत असतो, हा त्यांचा प्रश्न. उत्तर असे की तो नुसता थांबून असतो. डेटाबेसकडून उत्तर यायला जो वेळ लागतो, त्या वेळात दुसऱ्यांची कामे करावीत, या विचारावर नोड उभे राहिले. एकच धागा, त्यावर फिरणारे इव्हेंट लूप, आणि उत्तर आले की बोलावले जाणारे कॉलबॅक. वाट पाहण्याचा प्रश्न या रचनेने चांगला सोडवला. पण आलेले उत्तर केवढे आहे, या प्रश्नाला तिने हात लावला नव्हता, आणि नव्याने शिकणाऱ्या मुलांची अडचण नेमकी तिथे होते.

कॉलबॅकच्या जागी पुढे प्रॉमिस आले, २०१७ पासून असिंक-अवेट सरसकट वापरात आले आणि कोड वाचायला सोपा झाला. मोंगोडीबीवर मोंगूस वापरणारा ‘फाइंड’ लिहितो, सिक्वलाइझवाला ‘फाइंडऑल’, प्रिझ्मावाला ‘फाइंडमेनी’, पोस्टग्रेसचा किंवा मायएसक्यूएलचा साधा ड्रायव्हर वापरणारा ‘सिलेक्ट स्टार’. चौघांच्याही हातात शेवटी एक अ‍ॅरे पडतो आणि त्यात सगळ्या नोंदी असतात. यूट्यूबवरचा कुठलाही कोर्स पहिल्या तासाभरात इथवर पोचवतो. वाटेत एक जुना खड्डा अजून आहे: मोंगूसच्या सातव्या आवृत्तीने २०२३ मध्ये ‘फाइंड’ला कॉलबॅक देण्याची सोय काढून टाकली. त्यामुळे जुन्या शिकवणीतला कोड जसाच्या तसा उतरवला की पहिल्याच चाचणीला एरर येते, आणि मुलांना वाटते आपलाच डेटाबेस जोडला गेला नाही.

या एका ओळीला सरसकट वाईट ठरवणारे बरेच जण भेटतात. मला ते पटत नाही. सोलापूर जिल्ह्यात अकरा तालुके आहेत. तालुका निवडण्याच्या यादीसाठी अकराच्या अकरा नोंदी एकदम आणाव्यात, सर्व्हर सुरू होतानाच आणून मेमरीत ठेवाव्यात, तिथे पानांची भानगड हवी कशाला. कारखान्यातली चादरींची डिझाइन्स, टॉवेलचे आकार, सुताचे काउंट, जीएसटीचे दर, पतसंस्थेच्या शाखा हीसुद्धा तीच जात. या याद्या छोट्या असतात, फारशा बदलत नाहीत आणि वरचेवर लागतात. गावांची यादी हजारावर जाते, तरी तालुक्यागणिक तोडली की तीही याच पंगतीत बसते. काही उत्साही मंडळी अशा यादीलाही स्ट्रीम आणि कर्सर लावतात, मग चार ओळींचे काम चाळीस ओळींत जाते आणि पुढे सांभाळणाऱ्याला त्याचा जाच होतो. एकच पथ्य पाळावे. यादी छोटी आहे हा भरवसा मनात न ठेवता क्वेरीतच मर्यादा घालावी, म्हणजे उद्या कोणी चुकून भलतेच टेबल जोडले तर ते लगेच उघडकीला येईल.

आता मोठी यादी घेऊ. सोलापूरजवळ कुंभारी इथे रे नगर हा ३०,००० घरांचा प्रकल्प उभा राहिला. विडी कामगार, यंत्रमाग कामगार, कचरावेचक, असंघटित क्षेत्रातली कष्टकरी कुटुंबे हे त्याचे लाभार्थी. ९ जानेवारी २०१९ रोजी पायाभरणी झाली, आणि १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते त्यातली १५,००० घरे लाभार्थ्यांना अर्पण झाली. एवढ्या मोठ्या प्रकल्पाची यादी आपल्याच सर्व्हरवर असती तर काय झाले असते, याचा हिशोब मांडून पाहण्यासारखा आहे. म्हणजे ३०,००० कुटुंबांची नावे, पत्ते, बँक खाती, भरलेले हप्ते, घराचा क्रमांक.

एका नोंदीला सरासरी दोन किलोबाइट धरू. तीस हजारांचे झाले सुमारे ६० मेगाबाइट. हा फक्त कच्चा मजकूर. ड्रायव्हर प्रत्येक ओळीचा जावास्क्रिप्ट ऑब्जेक्ट करतो, मोंगूस त्यावर स्वतःचे आवरण चढवते (‘लीन’ लिहिले तर ते आवरण गळते, आणि नुसत्या वाचनासाठी ते गळायलाच हवे), मग सगळ्याची मिळून एक लांबलचक जेसॉन स्ट्रिंग होते आणि शेवटी ती नेटवर्कसाठी बाइट्समध्ये उतरते. एकच माहिती तीन रूपांत एकाच वेळी मेमरीत बसलेली असते. कार्यालयात सकाळी दहाला चार कारकुनांनी तेच पान उघडले की एक जीबी रॅमचे स्वस्त क्लाउड मशीन धापा टाकू लागते. नोडच्या हीपला मर्यादा असते. ती ओलांडली की ‘हीप आउट ऑफ मेमरी’ म्हणत पूर्ण प्रक्रियाच बंद पडते, आणि त्या क्षणी दुसऱ्या खिडकीवर पावती घेणाऱ्याचेही काम अर्धवट तुटते. स्ट्रिंगचीही एक कमाल लांबी आहे, सध्याच्या आवृत्त्यांत सुमारे ५३ कोटी अक्षरे. मेमरी भरपूर असली तरी त्यापुढे जेसॉन तयार होत नाही.

मेमरी पुरली तरी एक गोष्ट उरते आणि तिच्याकडे फार कमी लोकांचे लक्ष जाते. इव्हेंट लूप एकच आहे. ६० मेगाबाइटचे जेसॉन बनवण्याचे काम चालू असते तेवढा वेळ नोड दुसऱ्या कोणालाही उत्तर देत नाही. डेटाबेसची वाट पाहताना मोकळे राहणारे हे यंत्र उत्तर आल्यावर मात्र अडकून पडते. ‘सर्व्हर हँग झाला’ ही तक्रार घेऊन येणारे लोक डेटाबेस तपासत बसतात, आणि डेटाबेस बिचारा कधीच मोकळा झालेला असतो.

मराठी माहितीचा भार थोडा जास्तच पडतो, तोही हिशोबात धरावा. रोमन लिपीत ‘सोलापूर’ला सात अक्षरे आणि सात बाइट लागतात. देवनागरीत स, ओकार, ल, काना, प, ऊकार, र असे सातच घटक, पण यूटीएफ-८ मध्ये प्रत्येकाला तीन बाइट, म्हणून एकवीस. नोडच्या आत, व्ही८ इंजिनाच्या मेमरीत, तेच नाव प्रत्येकी दोन बाइटने साठते आणि चौदा होते. इंग्रजी नमुना डेटावर चाचणी घेऊन ‘चालते’ म्हणणाऱ्याचा अंदाज इथे चुकतो. नमुना घ्यायचाच तर खऱ्या नावांचा घ्यावा.

यावरचा पहिला आणि सगळ्यात रूढ उपाय म्हणजे पाने पाडणे. पडद्यावर वीस नोंदी, खाली ‘पुढे’चे बटण. त्याची सोपी रीत ‘लिमिट’ आणि ‘ऑफसेट’ची, मोंगोमध्ये ‘स्किप’ची. वीस-वीसच्या पानांत ३०,००० नावे लावली तर शेवटचे पान १,५००वे. ते उघडताना डेटाबेसला आधीच्या २९,९८० नोंदी मोजत पार कराव्या लागतात, आणि त्या सगळ्या टाकून देऊन उरलेल्या वीस तो आपल्याला देतो. म्हणून पहिले पान पटकन येते आणि मागची पाने रेंगाळतात. तरी हा दोष मला दुय्यम वाटतो, कारण दीड हजाराव्या पानावर सहसा कोणी जात नाही. खरा दोष चालत्या यादीत आहे.

कांद्याच्या हंगामातला सोलापूरचा मार्केट यार्ड डोळ्यांसमोर आणा. गाड्या येत असतात, लिलाव चालू असतो, दर मिनिटाला नव्या नोंदी पडत असतात आणि यादी ‘सगळ्यात नवी वर’ अशी लावलेली असते. पहिले पान बघून होईपर्यंत वर तीन नोंदी वाढल्या, तर दुसऱ्या पानावर पहिल्यातल्याच शेवटच्या तीन नोंदी पुन्हा दिसतात. मधली एखादी पट्टी रद्द झाली तर उलट होते: एक नोंद दोन पानांच्या फटीत पडते आणि कोणालाच दिसत नाही. बघणाऱ्याला ते कळतही नाही. त्यातच क्रम लावायला नुसती तारीख वापरली असेल आणि एकाच तारखेच्या शंभर पट्ट्या असतील, तर त्या शंभरांचा आपसातला क्रम प्रत्येक वेळी तोच राहील याची हमी कुठलाही डेटाबेस देत नाही.

यावर की-सेट पद्धत आहे. ‘चाळीस सोडून पुढच्या वीस’ असे न म्हणता ‘या तारखेच्या, या क्रमांकाच्या पट्टीनंतरच्या वीस’ असे म्हणायचे. तारीख आणि क्रमांक या जोडीवर इंडेक्स असला की डेटाबेस थेट त्या जागी उतरतो. वर किती नोंदी वाढल्या याच्याशी त्याला घेणेदेणे नसते, आणि हजारावे पानही पहिल्याइतकेच लवकर येते. यात ‘थेट सातशेव्या पानावर जा’ ही सोय जाते, पण यार्डात किंवा पतसंस्थेत ती कोणी मागितलेली माझ्या ऐकण्यात नाही. लोक नाव शोधतात, तारीख शोधतात. माझे स्पष्ट मत आहे की आपल्याकडच्या अभ्यासक्रमांत ‘ऑफसेट’च्या आधी हीच पद्धत शिकवावी. ती अवघड नाही, मागाहून शिकवली जाते म्हणून अवघड वाटते.

काही कामांना मात्र शेवटच्या नोंदीपर्यंत जावेच लागते. लेखापरीक्षकाला पूर्ण वर्षाची फाइल द्यायची असते, जुन्या प्रणालीतून नवीत माहिती हलवायची असते, सगळ्या खात्यांवर व्याज आकारायचे असते. इथे लाइव्हवायरमधला तो दुसरा मार्ग, म्हणजे कर्सर, पुन्हा कामाला येतो. मोंगोडीबीचा मूळ ड्रायव्हर ‘फाइंड’वर कर्सरच देतो, ‘टू-अ‍ॅरे’ लिहिल्यावरच सगळे एकत्र होते. पहिल्या खेपेला तो फार तर १०१ नोंदी आणतो, नंतर लागतील तसे पुढचे गठ्ठे. मोंगूसमध्ये ‘कर्सर’ ही वेगळी पद्धत आहे. पोस्टग्रेसच्या ड्रायव्हरला साधी क्वेरी दिली तर सगळा निकाल एकदम येतो, म्हणून कर्सर किंवा क्वेरी-स्ट्रीमचे जोडपॅकेज घ्यावे लागते. मायएसक्यूएल२ मध्ये ‘स्ट्रीम’ आहे. एकाच संगणकावर चालणाऱ्या दुकानाच्या सॉफ्टवेअरला एसक्यूलाइट पुरते. जुलै २०२४ पासून ते नोडच्या पोटातच मिळू लागले, आणि आता तिथेही ‘ऑल’शेजारी ‘इटरेट’ आहे. २०१८ च्या मानकात ‘फॉर अवेट’ आल्यापासून हे सारे साध्या लूपसारखे लिहिता येते: नोंद घ्या, काम करा, पुढची घ्या. एका वेळी मेमरीत एक गठ्ठा, मग टेबल लाखाचे असो की कोटीचे.

स्ट्रीममध्ये वेगाचा मेळ महत्त्वाचा. डेटाबेस झपाट्याने देतो आणि कार्यालयाचे इंटरनेट हळूहळू घेते. गाडी उतरवताना पुढच्या हमालाच्या पाठीवर पोते असेल तर मागचा त्याच्यावर दुसरे टाकत नाही, थांबतो. नोडच्या स्ट्रीमला ही शिस्त उपजत आहे. फक्त ‘पाइपलाइन’ वापरून दोन्ही टोके नीट जोडावी लागतात. हाताने ‘डेटा’चा इव्हेंट ऐकून लिहीत सुटले की शिस्त मोडते, न पोचलेला माल मेमरीत साचतो आणि स्ट्रीम वापरूनही सर्व्हर पडतो.

दुसरी गोष्ट कनेक्शनची. पोस्टग्रेसच्या नोड-पूलमध्ये मुळात दहाच कनेक्शन असतात. एकाने मोठी फाइल डाउनलोड करायला घेतली आणि मध्येच टॅब बंद केला, तर कर्सर बंद करून कनेक्शन पूलला परत करणे हे आपल्या कोडचे काम आहे. ते विसरले आणि दिवसाकाठी दहा जणांनी असा टॅब बंद केला की अकराव्याला काहीच मिळत नाही. एरर येत नाही, पान नुसते फिरत राहते. मोंगोमध्ये उलट काळजी घ्यावी लागते. दहा मिनिटे पुढचा गठ्ठा मागितला नाही तर सर्व्हर आपणहून कर्सर मिटवतो, म्हणून प्रत्येक नोंदीमागे एसएमएस पाठवण्यासारखे सावकाश काम असेल तर गठ्ठे लहान ठेवावे लागतात.

यापेक्षा मोठी बचत मात्र आणूच नये ते न आणण्यात असते. ‘सगळ्या पट्ट्या हव्यात’ म्हणणाऱ्या आडत्याला दोन प्रश्न विचारले की बहुधा कळते, त्याला तालुकावार आवक आणि सरासरी भाव हवा आहे. ती बेरीज डेटाबेसने करायची, ‘ग्रुप बाय’ने किंवा मोंगोच्या अ‍ॅग्रीगेशनने. लाखो ओळींऐवजी अकरा ओळी येतात. लाख ओळी नोडमध्ये ओढून तिथे ‘रिड्यूस’ने बेरीज करणारा कोड मी बघतो तेव्हा वाईट वाटते, कारण लिहिणारा मुलगा हुशार असतो. जावास्क्रिप्ट त्याला उत्तम येते, एसक्यूएल मात्र त्याला परीक्षेपुरतेच शिकवलेले असते.

आता याच्या नेमकी उलटी अडचण, आणि मला तीच जास्त भयंकर वाटते. आपण सगळे मागतो, येते थोडेच, आणि एरर येत नाही. सुपाबेसवर मुळातली मर्यादा १,००० ओळींची आहे. तीस हजारांची यादी मागितली तर पहिल्या हजार नोंदी निमूटपणे हातात पडतात. डायनॅमोडीबीचे ‘स्कॅन’ एका फेरीत १ एमबीपर्यंतच वाचते आणि सोबत ‘इथून पुढे’ची खूण देते. ती खूण बघून पुन्हा मागितले नाही तर उरलेले गायब. इलास्टिकसर्च साध्या पानांत पहिल्या १०,००० निकालांपलीकडे जाऊ देत नाही, तो निदान तसे स्पष्ट सांगतो. पडलेला सर्व्हर सगळ्यांना दिसतो आणि कोणीतरी तो उठवतो. अपुरी यादी पूर्ण म्हणून छापली गेली तर हजाराच्या पुढचे नाव असलेल्या विडी कामगार बाईला खिडकीवर ‘तुमचे नाव नाही’ एवढेच ऐकायला मिळते. म्हणून यादी बनवणाऱ्या प्रत्येक कोडने आधी एकूण संख्या मोजावी, शेवटी हाती आलेल्या नोंदी मोजाव्यात, आणि दोन्ही जुळल्या नाहीत तर फाइल देऊच नये. फायरस्टोअरवर मोजणी पैशांतही होते. दिवसाला ५०,००० वाचने फुकट मिळतात, आणि तीस हजारांची यादी दोनदा उघडली की तो कोटा संपतो.

ही मोजणी करतानाच एक सापळा आहे. पोस्टग्रेसकडून आलेली ‘काउंट’ची संख्या नोडमध्ये स्ट्रिंग म्हणून येते. त्यात एक मिळवायला गेले की ३०,०००चे ३०,००१ न होता तीन लाख एक होतात, कारण आकड्याच्या शेवटी एक नुसता चिकटतो. असे करण्यामागे कारण आहे. जावास्क्रिप्टची साधी संख्या ९,००,७१,९९,२५,४७,४०,९९१ पर्यंतच्याच पूर्णांकांची अचूक हमी देते, डेटाबेसचा मोठा पूर्णांक त्याच्या कितीतरी पुढे जातो, म्हणून ड्रायव्हर जपून स्ट्रिंग देतो. दशांश रकमांचेही तसेच. पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएल दोन्हींचे ड्रायव्हर त्या स्ट्रिंग म्हणून देतात, आणि ‘बेरीज चुकते’ म्हणून कोणी त्या सरळ साध्या संख्येत बदलल्या की पैशांचे तुकडे निसटायला लागतात. फेब्रुवारी २०२३ मध्ये बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने सोलापूरच्या यार्डात ५१२ किलो कांदा विकला. भाव मिळाला किलोला एक रुपया, आणि खर्च वजा जाऊन उरले २ रुपये ४९ पैसे. धनादेश निघाला दोन रुपयांचा. अख्ख्या राज्याने ती पट्टी पाहिली. ज्या व्यवहारात माणसाच्या वाट्याला एवढेच उरते, त्याची नोंद ठेवणाऱ्या कोडला पैसा इकडेतिकडे करण्याचा अधिकार नाही. रक्कम पैशांत, पूर्णांकात ठेवावी किंवा बेरीज डेटाबेसवर सोपवावी.

तारखाही वाटेत सरकतात. डेटाबेसात नुसती तारीख आहे, १९ जानेवारी २०२४. ड्रायव्हर तिचा भारतीय मध्यरात्रीचा डेट ऑब्जेक्ट करतो, जेसॉन होताना तो जागतिक वेळेत जातो, साडेपाच तास मागे सरतो, आणि समोर येते १८ जानेवारी, सायंकाळचे साडेसहा. एक नोंद बघताना हे ध्यानात येत नाही. पूर्ण वर्षाची फाइल काढली की प्रत्येक महिन्याची पहिली तारीख आदल्या महिन्यात जाऊन बसते आणि मासिक बेरजा बिघडतात. जिथे वेळ नाही तिथे तारीख मजकूर म्हणूनच आणावी.

मराठी याद्यांचे आणखी दोन-तीन प्रश्न आहेत, आणि ते इंग्रजी पुस्तकांत सापडत नाहीत. युनिकोडच्या क्रमाने लावलेल्या यादीत ळ हा ल नंतर लगेच येतो. आपल्या वर्णमालेत त्याची जागा ह नंतर आहे. नोडच्या तेराव्या आवृत्तीपासून सगळ्या भाषांची माहिती सोबत येते, त्यामुळे ‘इंटल कोलेटर’ला मराठी सांगून क्रम लावता येतो. पण पाने पाडायची असतील तर क्रम डेटाबेसनेच लावला पाहिजे, आणि पोस्टग्रेसमध्ये त्यासाठी मराठी आयसीयू कोलेशन आहे. ‘गिऱ्हाईक’मधला ऱ एका संगणकावर एकसंध अक्षर म्हणून टाइप होतो, दुसऱ्यावर र आणि खालचा नुक्ता असा, तिसऱ्यावर र, हलन्त आणि न दिसणारा जोडक. पडद्यावर तिन्ही सारखेच, शोधताना तिन्ही वेगळे. पहिले दोन ‘नॉर्मलाइझ’ने एक होतात, तिसऱ्याला स्वतंत्र नियम लिहावा लागतो. शिवाय हे शहर मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणारे. एकाच माणसाचे नाव रेशनकार्डावर व्यंकटेश, बँकेत वेंकटेश. एके ठिकाणी मल्लिकार्जुन, दुसरीकडे मल्लीकार्जुन. सगळ्या नोंदी आणून नावावरून दुबार शोधणारा प्रोग्राम सोलापुरात दोन चुका करतो: एकच माणूस दोनदा मोजतो, किंवा दोन माणसांना एक समजतो. जुळणी क्रमांकावर व्हावी आणि नावांच्या संशयित जोड्या माणसाच्या डोळ्यांखालून जाव्यात. आणि शेवटी सीएसव्ही फाइल एक्सेलमध्ये उघडल्यावर देवनागरीचा चुथडा दिसतो, तेव्हा डेटा खराब झालेला नसतो. फाइलच्या सुरुवातीला बीओएमची तीन बाइटची खूण लिहिली की अक्षरे सरळ होतात.

‘सिलेक्ट स्टार’मधल्या स्टारबद्दलही बोलले पाहिजे. पडद्यावर नाव आणि घर क्रमांक दाखवायचा असतो, पण ब्राउझरपर्यंत आधार क्रमांक, मोबाइल, बँक खाते सगळे जाते. पानावर दिसत नाही म्हणून ते गेले नाही असे होत नाही. ब्राउझरचे नेटवर्क टॅब उघडणाऱ्या कोणालाही ते वाचता येते. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ साली झाला. पण कायदा नसता तरी गरिबाचा खाते क्रमांक असा उघड्यावर टाकणे गैरच ठरले असते. लागतील तेवढेच कॉलम नाव घेऊन मागावेत. फाइल हलकी होते आणि झोपही लागते.

कोटींच्या घरातल्या कामांचे गणित वेगळे पडते. महाराष्ट्राचे संगणकीकृत सातबारे अडीच कोटींच्या आसपास आहेत. एवढ्या मोठ्या टेबलावरून एकदा फिरायचे तर काम तासन्‌तास चालते, आणि त्या वेळात टेबल बदलत राहते. एकाच क्षणाचे चित्र हवे असेल तर पोस्टग्रेसमध्ये ‘रिपीटेबल रीड’ व्यवहारात वाचावे लागते. पण तो व्यवहार जितका लांबेल तितक्या जुन्या ओळी डेटाबेसला साफ करता येत नाहीत आणि डिस्क फुगत जाते. म्हणून अशी वाचने मूळ सर्व्हरवर न करता रात्रीच्या प्रतीवर करणे बरे. जिथे क्षणचित्राची गरज नाही तिथे की-सेट पद्धतीने पाचशे-हजारांचे गठ्ठे घ्यावेत आणि प्रत्येक गठ्ठा संपला की शेवटचा क्रमांक वेगळ्या टेबलात लिहून ठेवावा. वीज गेली, नेट तुटले, प्रक्रिया मेली तरी काम त्याच क्रमांकापासून पुढे सुरू होते. त्यासाठी एकच नोंद दोनदा हाताळली गेली तरी परिणाम एकदाच व्हावा, अशी लिहिण्याची बाजू बांधावी लागते. व्याज आकारताना खाते आणि महिना या जोडीवर युनिक इंडेक्स घातला की एकाच महिन्याची दुसरी आकारणी डेटाबेसच नाकारतो.